साखळी व स्प्रॉकेट, मोटारसायकलीचे
मोटारसायकलीच्या गिअरपेटीपासून मागील चाकापर्यंत गती व शक्ती पोहोचविणारी यंत्रणा. गिअरपेटीच्या दंडावरील लहान दातेरी चाक (पुढचे स्प्रॉकेट), मागील चाकाला जोडलेले मोठे दातेरी चाक (मागचे स्प्रॉकेट) आणि त्या दोहोंवरून फिरणारी पोलादी रूळ-साखळी हे तिचे तीन भाग होत. हे भाग वेगवेगळे विकत मिळत असले, तरी ते एकमेकांबरोबर झिजतात. म्हणून त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

साखळी ताणली जाऊन लांबते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. साखळीच्या पट्ट्या नेहमीच्या वापरात जवळजवळ लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन व तिच्याभोवतीचे बुश यांच्या घर्षणामुळे दोहोंचा पृष्ठभाग झिजतो आणि सांधा सैल होतो. ११० सांध्यांच्या साखळीत प्रत्येक सांधा केवळ ०·१ मिमी. झिजला, तरी साखळी ११ मिमी. लांब होते. ही झीज बाहेरून दिसत नाही. साखळीच्या विकासाचा इतिहास हा बव्हंशी या झाकलेल्या सांध्याला जपण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

साखळीने गती देण्याची कल्पना प्राचीन आहे. बायझंटियमच्या फायलॉन यांनी इ. स. पू. तिसऱ्या शतकात वर्णन केलेल्या, लागोपाठ बाण सोडणाऱ्या यंत्रात चपट्या कड्यांची साखळी होती. चीनमध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सुंग यांनी काइफंग येथे उभारलेल्या खगोलीय घड्याळातही साखळीने गती दिली जाई. लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांच्या टिपणवह्यांत साखळ्यांची रेखाटने आहेत. तथापि ही यंत्रे मंद गतीची होती. आंद्रे गाल यांच्या १८२९ मधील फ्रेंच साखळीत पिन पट्ट्यांच्या छिद्रांतच फिरे. सगळा भार पट्टीच्या जाडीइतक्या अरुंद जागेवर येई व ती जागा लवकर खाल्ली जाई. इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथील जेम्स स्लेटर यांनी १८६४ मध्ये रूळ बसविलेल्या साखळीचे एकस्व घेतले. रुळामुळे दातावरील घासणे कमी झाले. पिनेवरील दाब मात्र तसाच राहिला. हा व्यवसाय १८७९ मध्ये विकत घेणारे स्विस अभियंते हान्स रेनॉल्ड (१८५२–१९४३) यांनी पुढच्याच वर्षी पिन व रूळ यांच्यामध्ये बुश घातले. त्यामुळे भार साखळीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीवर विभागला गेला. वस्त्रोद्योगातील यंत्रांसाठी केलेल्या या एका सुधारणेवर पुढे सायकल व मोटारसायकल ही दोन्ही वाहने उभी राहिली.

आरंभीच्या पुष्कळशा मोटारसायकलींत चामडी पट्टा असे. तो मऊ चाले, परंतु पावसात व चढणीवर घसरे. अमेरिकेतील ‘इंडियन’ मोटारसायकलीत १९०१ पासूनच साखळी होती. आइल ऑफ मॅन येथील शर्यत १९११ मध्ये प्रथमच डोंगरी मार्गावर झाली. तीत साखळी व दोन गती असलेल्या इंडियन गाड्यांनी वरिष्ठ गटातील पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. पट्टा त्यानंतरही काही वर्षे टिकला, पण कल स्पष्ट झाला होता. १९७० नंतरच्या दशकात पिन व बुश यांच्यामधील ग्रीज रबरी कड्यांनी आत कोंडून ठेवणारी साखळी प्रचारात आली. रेनॉल्ड यांच्या बुशानंतरची ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणता येईल.

पुण्यात तयार झालेल्या व्हेस्पा पद्धतीच्या स्कूटरींत एंजिन मागील चाकालगत असल्याने साखळीच नसे. १९८५ पासून १०० घ. सेंमी. च्या चार-धावी मोटारसायकलींचा प्रसार झाला आणि साखळीची निगा हा अनेक घरांतला नवा विषय झाला. या गाड्यांवरील पूर्ण बंद पत्र्याचे आवरण धूळ व चिखल अडविते. मात्र त्यामुळे साखळी दृष्टीआड होते आणि आवाज येईपर्यंत तिची आठवण राहत नाही.

झीज ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे मोजणी. अशा गाड्यांत सामान्यतः ४२८ क्रमांकाची साखळी असते. पहिला अंक लगतच्या दोन पिनांच्या केंद्रांमधील अंतर इंचाच्या अष्टमांशांत सांगतो. ते येथे अर्धा इंच म्हणजे १२·७ मिमी. होय. साखळी ताणून धरून एका पिनेच्या केंद्रापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या केंद्रापर्यंत मोजल्यास नव्या साखळीत २५४ मिमी. भरतात. हेच माप सु. २५९ मिमी. झाल्यास लांबी २ टक्के वाढलेली असते. ही शेवटची मर्यादा समजतात. पुष्कळ निर्माते याहून कमी मर्यादा देतात. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागील टोकाशी साखळी बोटांनी ओढून पाहावी. ती उचलली जाऊन अर्धा दात उघडा पडला, तर ती निकामी झाली असे समजावे. चाक सावकाश फिरवताना साखळी एका जागी घट्ट व दुसऱ्या जागी सैल लागल्यास झीज असमान झालेली असते. गंजून अडकलेले सांधेही याच वेळी हाताला कळतात.

झिजलेल्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खोलगट होऊन आकड्यासारखे वळतात. १४ व ४२ दातांच्या जोडीत पुढच्या चाकाचा प्रत्येक दात तिप्पट वेळा कामाला येतो. तसेच तेथे साखळीचा सांधा सु. २६ अंश वळतो, तर मागे ९ अंशांहूनही कमी. ओढ वाढावी म्हणून पुढे आणखी लहान चाक बसविल्यास साखळीचे आयुष्य घटते ते यामुळेच.

लांबलेली साखळी दातांवर वर चढून बसते आणि दातांना आपल्या मापाने झिजवते. अशा दातांवर नवी साखळी घातली, तर भार मोजक्याच रुळांवर येतो व थोड्याच काळात ती जुनीसारखी होते. केवळ साखळी बदलण्याची काटकसर म्हणूनच महाग पडते. धोकाही लहान नाही. तुटलेली साखळी पुढच्या स्प्रॉकेटशी गोळा झाल्यास एंजिनाचे कवच फुटते किंवा मागील चाक जाम होते.

बदलताना जुनी साखळी काढण्यापूर्वीच मागचा ब्रेक दाबून पुढच्या स्प्रॉकेटची पकड सैल करावी. नंतर दंड फिरू लागतो. मग मागील चाकाचा आस ढिला करून चाक पुढे सरकवावे. जुन्या साखळीच्या टोकाला नवी जोडून ओढून घेणे सोयीचे जाते. चेन लॉकच्या क्लिपचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेला असावे. उलट बसविलेली क्लिप कशाला अडून निघून जाऊ शकते. ताण सर्वांत घट्ट जागी पाहावा. लहान मोटारसायकलींत खालच्या बाजूस मध्यावर सु. २५ मिमी. ढील पुष्कळदा योग्य ठरते, तरी निर्मात्याने दिलेले माप प्रमाण मानावे. घट्ट साखळी सैल साखळीहून अधिक हानिकारक असते, कारण खड्ड्यात चाक वर जाताना ती गिअरपेटीच्या बेअरिंगला ओढते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून आस घट्ट करावा.

साखळी धुण्यास रॉकेल वापरतात. रबरी कड्यांच्या साखळीला पेट्रोल लावू नये, कारण कड्या खराब होतात. आतले ग्रीज कोंडलेले असले, तरी रूळ व दात यांना बाहेरून तेल लागतेच. ते गाडी चालवून आल्यावर, साखळी कोमट असताना द्यावे. नव्या साखळीची ढील पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर पुन्हा तपासावी लागते.