घोयऱ्याचे घर : पिंजरा, फांदी आणि कुंपण

‘सरड्यासारखे रंग बदलणे’ आणि ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ हे दोन्ही भाषाप्रयोग आपण माणसांची उणीदुणी काढताना वापरतो. प्रत्यक्षात रंग बदलण्याची कला ज्याच्याइतकी क्वचितच कोणाला साधली असेल, त्या शॅमेलिअन सरड्याच्या दृष्टीने पाहिले तर कुंपणापर्यंतची धाव ही मुळीच अपुरी नाही. कुंपणाच्या दाट, काटेरी जाळीतच त्याचे अन्न, पाणी, ऊन, सावली आणि सुरक्षितता सामावलेली असते. मराठीत या प्राण्याला घोयरा किंवा सरडगुहिरा असे म्हणतात. जगभरात हौसेने पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये शॅमेलिअनची गणना होते आणि योग्य निगेअभावी लवकर दगावणाऱ्या प्राण्यांमध्येही त्याचेच नाव पुढे असते. त्याला नेमके काय हवे असते, हे समजून घेण्यासाठी पिंजऱ्याकडे न पाहता आधी झुडपाकडे पाहावे लागते.

मराठवाड्यातील झुडपी माळ

नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटांच्या काळापासून ओळखले जाणारे गाव. मन्याड नदी, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आणि भोवती बालाघाटच्या उतरत्या टेकड्या असा हा परिसर आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्याप्रमाणेच येथेही पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असतो. शेताच्या बांधांवर बाभूळ, बोर, कडुनिंब, तरवड, घाणेरी अशी झाडेझुडपे दिसतात. भारतीय घोयरा हा द्वीपकल्पीय भारत व श्रीलंका येथील कोरड्या, विरळ वनांचा आणि झुडपी माळांचा रहिवासी आहे. ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. कंधारसारखा मुलूख म्हणजे त्याच्या पसंतीच्या अधिवासाचा नमुनाच होय.

अशा एखाद्या बाभळीवर घोयऱ्याचा दिवस कसा जातो, हे पाहण्यासारखे असते. सकाळी अंग तापविण्यासाठी तो उन्हाच्या बाजूला येतो. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे करून, गडद रंग धारण करून तो ऊन शोषून घेतो. अंग तापले की रंग फिकट होतो आणि तो पानांच्या आड सरकतो. पानांवरचे दवाचे किंवा पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवितो. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवीत तो किडे शोधतो. भक्ष्य दिसताच दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखतो आणि शरीराच्या लांबीइतकी जीभ क्षणार्धात बाहेर फेकतो. रात्री तो बारीक डहाळीच्या टोकाशी जाऊन झोपतो. या दिवसभरात त्याने घेतलेले निर्णय असंख्य असतात : ऊन की सावली, वर की खाली, शिकार की विश्रांती, दिसावे की लपावे. पिंजऱ्यात त्याच्याकडून नेमके हेच निर्णय हिरावले जातात.

‘समृद्धी’ म्हणजे काय?

प्राणिसंग्रहालयांच्या परिभाषेत ‘एन्रिचमेंट’ नावाची एक संकल्पना आहे. मराठीत तिला ‘अधिवास-समृद्धी’ म्हणता येईल. बंदिस्त प्राण्याला नुसते जिवंत न ठेवता त्याच्या जातीचे नैसर्गिक वर्तन करण्याची संधी देणे, हा तिचा गाभा. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४२ साली बंदिवासातील वन्यप्राण्यांवर लिहिलेल्या ग्रंथाने या विचाराचा पाया घातला. पुढे ब्रिटनमध्ये १९६५ च्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालापासून सुरू झालेल्या विचारातून प्राणिकल्याणाची ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली. नैसर्गिक वर्तनाचे स्वातंत्र्य हे त्यांपैकी एक.

कुत्र्याला चेंडू, पोपटाला झोपाळा आणि माकडाला कोडे दिले की त्यांचे मन रमते. त्यावरून घोयऱ्यालाही खेळणी द्यावीत, हातावर घेऊन फिरवावे, असे अनेकांना वाटते. येथेच मोठी गफलत होते. घोयरा हा एकलकोंडा प्राणी आहे. हाताळणे हे त्याच्या लेखी लाड नसून पकडले जाणे असते. हातावर निश्चल बसलेला घोयरा ‘माणसाळला’ असे समजणे धोक्याचे आहे. बहुतेक वेळा तो भीतीने थिजलेला असतो. त्याच्यासाठी समृद्धी म्हणजे निवडीचा अधिकार.

या निवडीला किती अर्थ असतो, याचे उत्तम उदाहरण मादागास्करच्या ‘पँथर शॅमेलिअन’वरील संशोधनात मिळते. अमेरिकेतील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, आहारातून ‘ड’ जीवनसत्त्व कमी मिळालेले सरडे अतिनील किरणांच्या प्रकाशात अधिक वेळ बसले, तर ज्यांना ते पुरेसे मिळाले ते कमी वेळ बसले. स्वतःची गरज ओळखून उन्हाची मात्रा ठरविण्याची क्षमता या प्राण्यात आहे. मात्र ती वापरण्यासाठी ऊन आणि सावली दोन्ही त्याच्या आवाक्यात असावी लागतात.

कायदा काय सांगतो?

पुढील तपशिलापूर्वी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. भारतीय घोयऱ्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याला पकडणे, घरी ठेवणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार ‘शिकार’ या शब्दात पकडणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे बांधावर सापडलेला घोयरा मुलांच्या कौतुकासाठी खोक्यात घालून घरी आणणेही कायद्यात बसत नाही.

परदेशी जातींची स्थिती वेगळी आहे. येमेन व सौदी अरेबियातील ‘व्हेल्ड शॅमेलिअन’ किंवा पँथर शॅमेलिअन यांसारख्या जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम लागू झाले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळामार्फत नोंदणी करणे बंधनकारक आहे. कायदेशीर कागदपत्रांवाचून केलेली खरेदी ही तस्करीला हातभार लावणारी ठरते. अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत मात्र बंदिवासात जन्मलेले व्हेल्ड शॅमेलिअन दुकानांतून मिळतात. तेथील मराठी कुटुंबांतील मुलांनी हट्ट धरला तर पालकांना पुढील माहिती उपयोगी पडेल.

झुडपाची नक्कल

*उंची आणि फांद्या.* घोयऱ्याची पावले चिमट्यासारखी असतात. पुढच्या पायाची तीन बोटे आतल्या बाजूला व दोन बाहेरच्या बाजूला जुळलेली असतात, तर मागच्या पायात याच्या उलट रचना असते. शेपटी ही त्याची पाचवी पकड. ती पालीप्रमाणे तुटून पुन्हा येत नाही. हे सारे अवयव फांद्यांवर चालण्यासाठी घडले आहेत. म्हणून त्याचे घर आडवे न ठेवता उभे असावे. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड शॅमेलिअनसाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच अशी जाळीची जागा किमान मानली जाते. काचेच्या बंद पेटीत हवा कोंडते आणि स्वतःचे प्रतिबिंब पाहून प्राणी सतत बिथरलेला राहतो. आत वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसह असलेल्या फांद्या आडव्या-तिरप्या बांधाव्यात. एकसारख्या गुळगुळीत काठ्यांनी पावलांना व्यायाम मिळत नाही.

*पाने आणि आडोसा.* लपण्याची जागा नसेल तर घोयऱ्याला सतत उघड्यावर उभे असल्यासारखे वाटते. कुंडीतील जास्वंदीसारखे निर्धोक, पानांनी भरलेले झाड आत ठेवावे. व्हेल्ड शॅमेलिअन पानेही कुरतडतो; त्यामुळे कण्हेर, रुई यांसारख्या विषारी वनस्पती आणि कीटकनाशक फवारलेली रोपे कटाक्षाने टाळावीत. पिंजरा डोळ्यांच्या पातळीहून उंच आणि वर्दळीपासून दूर ठेवावा. वरून येणारी सावली त्याला शिकारी पक्ष्यासारखी भासते.

*ऊन, सावली आणि रात्र.* वरच्या एका कोपऱ्यात सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाची ऊन खाण्याची जागा आणि खाली थंड भाग असा उतार हवा. अतिनील ‘ब’ किरणे देणारा दिवा आवश्यक असतो. त्याअभावी कॅल्शिअम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. अशा दिव्याचा प्रकाश दिसत राहिला तरी कालांतराने त्यातील किरणे क्षीण होतात. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा. रात्री सुमारे बारा तास पूर्ण अंधार असावा.

*पाणी.* वाटीतील स्थिर पाणी बहुतेक शॅमेलिअनच्या लक्षातच येत नाही. पानांवर तुषार मारावेत किंवा थेंबथेंब गळणारी योजना करावी. दोन फवारण्यांच्या मध्ये पाने सुकू द्यावीत. कायमच्या ओलीने बुरशी आणि श्वसनाचे विकार बळावतात.

*शिकार.* घोयऱ्याची बुद्धी, नजर आणि जीभ यांचा सर्वांत मोठा व्यायाम म्हणजे शिकार. रोज एकाच वाटीत एकाच प्रकारचे किडे देण्याऐवजी रातकिडे, नाकतोडे, अळ्या असा पालट करावा. काही किडे फांद्यांवर सोडावेत, म्हणजे त्याला शोधावे आणि नेम धरावा लागेल. खाद्यकीटकांना आधी भाजीपाला खाऊ घालावा व त्यांवर कॅल्शिअमची भुकटी भुरभुरावी. शेतातून पकडलेले किडे देऊ नयेत; त्यांच्या अंगी कीटकनाशकाचा अंश असू शकतो.

*मादीसाठी माती.* व्हेल्ड शॅमेलिअनची मादी नराशी संयोग झाला नसतानाही अंडी घालू शकते. उकरण्याजोगी, खोल, ओलसर वाळू-माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते. मातीने भरलेले खोल भांडे ठेवणे ही तिच्या बाबतीत जीवनमरणाची बाब आहे.

*एकटेपण.* प्रौढ घोयरे एकत्र ठेवू नयेत. एकमेकांचे सतत दर्शनही त्यांना त्रासदायक ठरते. मात्र पिल्लांच्या बाबतीत विज्ञानाने वेगळी बाजू दाखविली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मापासून एकटी वाढविलेली व्हेल्ड शॅमेलिअनची पिल्ले अधिक दबकी, रंगाने फिकी आणि शिकारीत मागे असल्याचे आढळले. पिल्लू विकत घेताना ते कसे वाढले, हे विचारण्यामागे एवढे कारण आहे.

रंगांची भाषा

घोयरा ज्या वस्तूवर बसतो तिचा रंग धारण करतो, ही समजूत सर्वत्र आढळते. ती बरीचशी चुकीची आहे. रंगबदल हा मुख्यतः तापमान, मनःस्थिती आणि परस्परसंवाद यांच्याशी निगडित असतो. त्वचेतील पेशींत असणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्यामुळे परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिअनवर दाखवून दिले. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना स्टेट विद्यापीठात असे दिसले होते, की व्हेल्ड शॅमेलिअनच्या झुंजीत डोक्याचा रंग अधिक झपाट्याने उजळविणाऱ्या नराची जिंकण्याची शक्यता जास्त असते.

पाळणाऱ्याने ही भाषा शिकून घ्यावी. ऊन पुरेसे असतानाही सतत काळपट राहणे, अंग फुगवून फूत्कारणे, दिवसा डोळे मिटून बसणे, डोळे खोल जाणे, फांदीवरची पकड सैल होणे, वारंवार तळाशी उतरणे ही संकटाची लक्षणे होत. घोयरा आजार लपवितो. लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असणाऱ्या पशुवैद्याकडे तत्काळ जावे. प्राणी किंवा पिंजरा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो.

नाद संपला म्हणून परदेशी प्राणी मोकळा सोडणे हा उपाय नव्हे. हवाई बेटांपैकी ओआहू येथे १९७२ साली मोकळे सुटलेले पूर्व आफ्रिकेतील जॅक्सन शॅमेलिअन तेथे फोफावले आणि स्थानिक कीटक व गोगलगायींच्या मुळावर आले.

आपल्या अंगणातील समृद्धी

कंधारच्या शेतकऱ्याला किंवा नांदेड-लातूरच्या शहरी वाचकाला यातील पिंजऱ्याचा तपशील कदाचित कधीच लागणार नाही. पण घोयऱ्याला हवे ते देण्याची संधी त्यांनाच अधिक आहे. पिंजऱ्यात खर्च करून उभी करावी लागणारी प्रत्येक गोष्ट बांधावरच्या जाळीत आयती मिळते. बांध पेटवून साफ केला, जिवंत कुंपण तोडून तारेचे केले, सरसकट फवारणी केली की आडोसा, अंड्यांची जागा आणि भक्ष्य एकाच वेळी नाहीसे होते. घोयरा विषारी किंवा अपशकुनी असल्याच्या गैरसमजातूनही त्याला ठेचले जाते. वास्तविक त्याच्याजवळ विष नाही, आणि तो खातो ते बहुतांशी कीटक.

यासाठी करावयाचे ते फार थोडे आहे. बांधावरची एखादी बोर-बाभळीची जाळी राखावी. पालापाचोळा व झुडपे पेटवू नयेत. घराच्या आवारात जास्वंदीसारखी दाट झुडपे वाढू द्यावीत. रस्ता ओलांडताना घोयरा दिसला तर शेपटीला न धरता त्याच्यापुढे काठी धरावी आणि तो चढला की ज्या दिशेला निघाला होता, त्या बाजूच्या झुडपावर सोडावे. जखमी आढळल्यास घरगुती उपचार न करता वनविभागाला कळवावे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, हे खरेच. प्रश्न एवढाच, की तो तेथे पोहोचेल तेव्हा कुंपण शिल्लक असेल का.