परक्याची नाव जकाल्लाच्या बंदरात

1975 साली अमेरिकेत 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावाचा एक खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या नियमपुस्तकात आरंभीच येणारी एक अट साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. खेळाडू ज्या पात्राची भूमिका घेणार, ते पात्र त्या कल्पित साम्राज्याचे नागरिक नसते. ते दूरदेशीचे, साम्राज्यातील लोक ज्यांना रानटी समजतात अशांपैकी एक असते. एका लहानशा नावेतून ते जकाल्ला नावाच्या मोठ्या बंदरात येऊन उतरते. शहरात त्याला मोकळीक नाही. परक्यांसाठी राखून ठेवलेल्या वस्तीतच त्याने राहावयाचे. मर्यादा ओलांडली किंवा रीतिरिवाजात मोठी चूक झाली, तर शिक्षा थेट सुळावर जाण्याची. कोणी आश्रयदाता भेटला आणि त्याने कामगिरी सोपवली, तर ती पार पाडावयाची आणि पायरीपायरीने त्या समाजात आपली जागा मिळवावयाची. खेळाची सुरुवात होते ती अशी, खालच्या पायरीवरून.

ज्यांना या प्रकारच्या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. यात पट किंवा सोंगट्या हे मुख्य नसते. चार-सहा जण एका मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या वतीने बोलतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात, निर्णय घेतात, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. युद्धाचे डावपेच मांडणाऱ्या खेळांतून हा प्रकार हळूहळू वेगळा झाला. मिनेसोटा राज्यातील हौशी खेळाडूंच्या मंडळींत डेव्हिड वेझली यांनी 1969 मध्ये आणि त्यानंतर डेव्ह आर्नेसन यांनी केलेल्या प्रयोगांतून त्याचा पाया घातला गेला. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये छापला गेला. 'पेटल थ्रोन' त्याच्या पाठोपाठ, त्याच कंपनीकडून आला. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते.

अनोळखी बंदरात पहिले पाऊल टाकणारा परदेशी हा वाङ्मयात नवा नव्हे. फ्रान्सिस बेकन यांच्या 1627 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या 'न्यू अटलांटिस'चा आरंभच असा आहे. वाट चुकलेले जहाज बेन्सालेम बेटाच्या बंदराशी येते. खलाशांना प्रथम उतरण्याची मनाई होते. अनेक भाषांत लिहिलेला हुकूम घेऊन अधिकारी येतो, आजाऱ्यांची चौकशी होते, आणि मग त्यांना परक्यांसाठी बांधलेल्या घरात नेले जाते. तेथे पहिले तीन दिवस बाहेर पडावयाचे नाही, आणि पुढेही शहराच्या तटापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे परवानगीवाचून जावयाचे नाही. जकाल्लातील परक्यांच्या वस्तीचे हे जुने भावंडच म्हणावे लागेल. या कथांत आगंतुकाचे काम ठरलेले असते. त्याने अज्ञानी असावे, प्रश्न विचारावेत, म्हणजे त्या निमित्ताने वाचकाला आदर्श नगराची व्यवस्था समजावून सांगता येते. एकदा हे काम झाले की आगंतुकाचे स्वतःचे काय झाले, याची फारशी विचारपूस लेखक करीत नाही.

प्रत्यक्ष प्रवाशाची गोष्ट वेगळी असते, आणि तिचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. जिकडे जावे तिकडे लोक आपल्यामागे येतात आणि गोऱ्या माणसाकडे आश्चर्याने पाहतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. पाहावयास आलेला माणूसच पाहण्याची वस्तू झाला! पुढे जुन्नरला तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर सोनेही देतो, असे सांगितले. निकितिनचा घोडा अखेर त्याला परत मिळाला. परंतु ते चार दिवस त्याच्यासाठी किती कठीण होते, हे त्याच्या लेखनातून कळते. परकेपण म्हणजे नुसते अज्ञान नव्हे. आपले काय होणार हे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

बार्कर यांच्या नियमाचे महत्त्व येथे दिसते. वरवर पाहता त्यामागे सोय आहे. त्यांचे 'टेकुमेल' हे जग इतके तपशीलवार होते की कोणत्याही नव्या खेळाडूला ते आधी माहीत असणे शक्य नव्हते. त्या काळच्या इतर खेळांतील किल्ले, सरदार आणि ड्रॅगन युरोपीय कथांमुळे अमेरिकन तरुणांच्या ओळखीचे होते. टेकुमेलमध्ये घोडे नाहीत, धातू दुर्मीळ आहेत, देवळांत वीस देवतांची पूजा चालते, आणि एकूण वळण प्राचीन मेक्सिको, इजिप्त आणि भारत यांच्याकडे अधिक झुकणारे आहे. खेळाडूच अडाणी असल्यामुळे पात्रही अडाणी असलेले बरे, हा हिशेब सरळ आहे. पण या सोयीतून काही अधिक निष्पन्न झाले. बेकन यांच्या वाचकाला खलाशाच्या खांद्यावरून नगर पाहावयास मिळते. जकाल्लात खेळाडूला स्वतः धक्क्यावर उभे राहावे लागते. पहारेकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर त्यालाच द्यावयाचे असते. शिवाय, ज्या खेळांत नायक आपल्या ओळखीच्या गावातून निघून अनोळखी प्रदेश लुटावयास जातो, त्यांच्या दिशेच्या नेमके उलट हे आहे. येथे अनोळखी प्रदेश हेच संस्कृतीचे केंद्र आहे, आणि रानटी ठरतो तो खेळाडू.

भाषेच्या बाबतीत तर हे फारच स्पष्ट होते. बार्कर यांनी साम्राज्यासाठी त्सोल्यानी ही भाषा रचली. तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह त्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. समोरच्या माणसाला संबोधण्यासाठी या भाषेत दर्जा, नाते आणि प्रसंग यांनुसार अनेक सर्वनामे आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूला ही मोठीच गंमत वाटत असेल, किंवा संकट. मराठी वाचकाला मात्र यात नवल वाटू नये. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील अंतर चुकले की संभाषण कसे बिघडते, हे आपण रोज अनुभवतो. या भाषाकर्त्याच्या डोळ्यांपुढे उर्दूतील आदरार्थी रूपे असणार, असे मानावयास जागा आहे. 1967 मध्ये त्यांचे 'अ कोर्स इन उर्दू' हे पाठ्यपुस्तक आले, आणि पाठोपाठ बलुची भाषेचेही. एका सर्वनामात आख्खी उतरंड मावते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच असे नगर उभारता आले असते.

बार्कर यांचे चरित्र याच वाटेने जाते. 1929 मध्ये जन्मलेले फिलिप बार्कर 1951 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आले, येथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि मुहम्मद अब्द-अल-रहमान हे नाव घेतले. परतल्यावर त्यांनी ओरेगॉन राज्यातील क्लॅमथ या मूळ अमेरिकन जमातीच्या भाषेचा अभ्यास केला. क्लॅमथ कथांचा संग्रह आणि शब्दकोश 1963 मध्ये, व्याकरण 1964 मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासाचा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. 1954 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून क्लॅमथ जमातीची शासकीय मान्यता संपुष्टात आणण्याचे ठरवले होते. ती मान्यता परत मिळावयास 1986 साल उजाडले. म्हणजे स्वतःच्याच भूमीत परके ठरवल्या जाणाऱ्या माणसांसमोर बसून हा तरुण अभ्यासक त्यांच्या कथा उतरवून घेत होता. आजही त्या भाषेचे शब्द ज्या थोड्या ग्रंथांत नीट जतन झाले आहेत, त्यांत हे ग्रंथ आहेत.

येथवरची कहाणी ऐकून आपण या लेखकाविषयी एक सुखद निष्कर्ष काढला असता. बार्कर 2012 मध्ये निवर्तले. दहा वर्षांनी, 2022 मध्ये, त्यांच्या कल्पित जगाचे हक्क सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने जाहीरपणे मान्य केले की 1991 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली 'सर्पेंट्स वॉक' ही नाझीवादाचा पुरस्कार करणारी कादंबरी बार्कर यांचीच होती. ती छापणारी संस्था अमेरिकेतील नवनाझी चळवळीची. ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर त्यांचे नाव होते, हेही पुढे आले. ज्याने हजारो वाचकांना आणि खेळाडूंना परक्याच्या जागी उभे केले, त्यानेच परक्याला जगण्याचा हक्क नाकारणाऱ्या विचाराची सेवा केली होती.

अशा वेळी दोन उत्तरे हाताशी असतात. कृती वेगळी, कर्ता वेगळा, हे एक. कर्ताच दूषित, म्हणून कृती त्याज्य, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत एक सोय समान आहे: दोन्हींनुसार पुस्तक पुन्हा उघडण्याची गरज उरत नाही. आम्हांस वाटते की आता ते उघडले पाहिजे, आणि आगमनाचा तो नियम अधिक बारकाईने वाचला पाहिजे.

तसे वाचले की काही गोष्टी दिसू लागतात. जकाल्ला परक्याला आत घेते, पण स्वतः बदलत नाही. आगंतुकाने शिकावयाचे, वाकावयाचे, वर चढावयाचे. त्याच्या येण्याने शहराला एकही प्रश्न पडत नाही. साम्राज्याची उतरंड, गुलामगिरी, सूळ हे सारे दिलेले आहे असे धरून चालावयाचे. ते नाकारणारा परका फार काळ जिवंत राहणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या जगाचा पूर्वेतिहास. टेकुमेल हा ग्रह मुळात मानवांचा नव्हताच. दूरच्या भविष्यकाळात अवकाशातून आलेल्या मानवांनी तो जिंकला, आपल्याला मानवेल असा करून घेतला, आणि स्सू व ह्लुस्स या मूळ रहिवाशांना राखीव भागांत कोंडले. पुढे एका वैश्विक आपत्तीत ग्रह एकाकी पडला तेव्हा हे मूळ रहिवासी बाहेर पडले, आणि तेव्हापासून ते माणसांचे शत्रू आहेत. खेळाच्या नियमांत त्यांच्याशी वाटाघाटीला जवळजवळ जागाच नाही. ज्या अभ्यासकाने क्लॅमथ लोकांच्या कथा ऐकल्या, त्याला राखीव भाग म्हणजे काय हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्याने ते नीट जाणले आणि जगाच्या पायात घातले. मात्र त्या कोंडलेल्यांच्या बाजूने आरंभ करण्याची वाट खेळाडूपुढे ठेवली नाही. नाव येते ती त्यांची नसते.

म्हणून 'सर्पेंट्स वॉक'चे बीज 'पेटल थ्रोन'मध्येच होते, असे आम्ही म्हणणार नाही. उतरंडीचे चित्रण म्हणजे उतरंडीचे समर्थन नव्हे, आणि 1975 चा लेखक 1991 मध्ये तोच राहिला होता, याला आधार नाही. आमचा मुद्दा मर्यादित आहे, पण आपल्या व्यवसायाला तो लागू पडतो. भाषा आणि साहित्य शिकवणारे आपण सारे मनातल्या मनात एक गृहीत धरून चालतो: दुसऱ्याची भाषा शिकली, त्याच्या जागी उभे राहून पाहिले, की माणूस आपोआप उदार होतो. अभ्यासक्रमांच्या प्रस्तावनांत आपण हे लिहितो आणि वर्गात सांगतो. बार्कर यांना क्लॅमथ, उर्दू आणि बलुची येत होती. परक्या धर्मात आणि परक्या नावाने ते उर्वरित आयुष्य जगले. परकेपणाचा इतका नेमका नियम फार थोड्यांना सुचला असता. इतके असूनही ते गृहीत त्यांच्या बाबतीत खरे ठरले नाही. दुसऱ्याविषयीचे ज्ञान आणि दुसऱ्याविषयीची आस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शिकवता येते, तिची परीक्षाही घेता येते. दुसरीची जबाबदारी पहिलीवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

या खेळाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कादंबरीहून वेगळी आहे. कादंबरीतील पहारेकरी लेखकाने लिहिला तेच कायम बोलतो. खेळातील पहारेकऱ्याला प्रत्येक मेजावर नवा आवाज लागतो, आणि तो आवाज त्या दिवशीच्या सूत्रधाराचा असतो. नावेतून उतरलेल्या परक्याला 'तू' म्हणावयाचे की 'आपण', त्याला वस्तीच्या कुंपणात ठेवावयाचे की शहराला त्याचे काही ऐकावयास लावावयाचे, स्सूंच्या वतीने कधी कोणी बोलावयाचे की नाही, हे नियमपुस्तक अखेरपर्यंत ठरवू शकत नाही. बार्कर यांनी बंदर बांधून ठेवले आहे. धक्क्यावर उभे राहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारण्याचे काम दर वेळी मेजाभोवती बसलेल्यांपैकीच कोणाला तरी करावे लागते.