यावत्तावत् ते एक्स : बीजगणिताच्या शब्दांचा प्रवास

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. आठवीतल्या मुलीची दुसऱ्या दिवशी एकम कसोटी होती आणि वही समोर ठेवून ती रडकुंडीला आली होती. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात व्हेरिएबल, कोएफिशंट, लाइक टर्म्स असे शब्द होते. आम्ही बारडोलीत गुजराती माध्यमात शिकलो, पुढे पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला. आमच्या तोंडी चल, सहगुणक, सजातीय पद, डा.बा. आणि ज.बा. हे शब्द. खुर्चीत बसलेले आमचे वडील खानदेशातल्या मराठी शाळेत शिकलेले. ते म्हणाले, "अगं, आधी क्ष माना, मग पुढं जा." मुलीला वाटले, क्ष हा आणखी एखादा नवीन धडा असावा. तासभर आम्ही तिघेही एकच गोष्ट बोलत होतो आणि कोणालाच दुसऱ्याचे कळत नव्हते. शेवटी ती म्हणाली, "मला गणित येतच नाही."

हे वाक्य आम्हाला लागले. तिला गणित येत होते, अडत होते ते शब्दांपाशी. नोकरी करत इतक्या वर्षांनी आम्ही पुन्हा बीजगणिताकडे वळलो ते त्यामुळे. वाचता वाचता लक्षात आले की हे शब्द ज्या वाटेने आले, त्या वाटेवर आपला खानदेश आहे, आपला गुजरात आहे आणि बारडोलीसुद्धा आहे.

बीजगणित शिकू लागणाऱ्या मुलाने काय साध्य करायचे असते? ढोबळमानाने पाच गोष्टी. जे माहीत नाही त्याला नाव द्यायचे, धन आणि ऋण यांचा व्यवहार समजून घ्यायचा, एका जातीची पदे एकत्र करायची, शब्दांतले उदाहरण समीकरणात मांडून ते सोडवायचे, आणि आलेले उत्तर ताडून पाहायचे. जगभरच्या पहिल्या इयत्तांच्या पुस्तकांत हेच असते. आपल्या परंपरेत या प्रत्येक गोष्टीसाठी फार पूर्वीपासून शब्द आहेत.

पहिली गोष्ट नावाची. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. त्याचे चार भाग म्हणजे लीलावती, बीजगणित, गणिताध्याय आणि गोलाध्याय. त्यांच्या बीजगणितात न कळलेल्या राशीला अव्यक्त म्हणतात आणि पहिल्या अव्यक्ताचे नाव यावत्तावत्, म्हणजे 'जितके असेल तितके'. लिहिताना नुसते 'या'. एकाहून अधिक अव्यक्ते असतील तर रंगांची नावे येतात : कालक म्हणजे काळा, नीलक निळा, पीतक पिवळा, लोहितक तांबडा. लिहायचे का, नी, पी, लो. मुलीला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. एक्स, वाय, झेड यांच्यापेक्षा रंग लक्षात ठेवायला सोपे, असे तिचे मत पडले. ज्ञात संख्येला ते रूप म्हणत, लिहिताना 'रू'. युरोपात अक्षरांची पद्धतशीर योजना फ्रान्सच्या व्हिएतने १५९१ मध्ये केली आणि शेवटची अक्षरे अज्ञातासाठी वापरण्याचा प्रघात देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथापासून रुळला. आमच्या वडिलांचा क्ष हा त्याच एक्सचा मराठी अवतार.

दुसरी गोष्ट धन आणि ऋण. यासाठी मागे इ.स. ६२८ पर्यंत जावे लागते. ब्रह्मगुप्तांनी 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला तो भिल्लमाल येथे. हे आजचे राजस्थानातले भिनमाळ, त्या काळच्या गुर्जर देशातले मोठे नगर. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम त्यांनी स्पष्ट सांगितले. धन म्हणजे गाठीशी असलेला पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज. गुजरातेत व्यापाऱ्यांमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. गाठीला ३०० रुपये आहेत आणि दुकानदाराचे ५०० देणे आहे, तर आपण २०० च्या ऋणात, हे चौथीतले पोरही सांगते. तेच पुस्तकात मायनस होऊन आले की गोंधळते. भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत.

तिसरी गोष्ट सजातीय पदांची. पाच आंबे आणि तीन पेरू मिळवून आठ आंबे होत नाहीत, असे शिक्षक सांगतात. भास्कराचार्यांचा नियमही हाच आहे. बेरीज-वजाबाकी समान जातीच्या राशींचीच होते, भिन्न जातींच्या राशी वेगळ्या मांडून ठेवायच्या. गुजराती पाठ्यपुस्तकांतला 'सजातीय' हा शब्द याच विचारातला आहे.

चौथी आणि पाचवी गोष्ट एका उदाहरणातच पाहू. भास्कराचार्यांच्या बीजगणितात असे कोडे आहे. एका माणसाकडे ३०० रूपे आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रूपांचे ऋण आहे. सर्व घोडे सारख्या किमतीचे आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

ते दोन ओळी एकाखाली एक मांडत. वर या ६ रू ३००, खाली या १० रू १००, आणि या शेवटच्या शंभरावर टिंब. बरोबरीचे चिन्ह नाही. ते पुढे १५५७ मध्ये वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने छापले. दोन ओळी म्हणजे दोन पक्ष, आणि ते समान आहेत हे गृहीत. मग समशोधन करायचे, म्हणजे एका पक्षातले अव्यक्त दुसऱ्यातून वजा करायचे आणि रूपे उलट बाजूने. १० मधून ६ गेले, उरले ४ घोडे. ३०० मधून ऋण १०० वजा केले की होतात ४००. चारशेला चाराने भागले, एका घोड्याची किंमत १००. आता ताळा पाहू. पहिल्याचे ६०० आणि ३०० मिळून ९००, दुसऱ्याचे १००० मधून १०० गेले, ९००. बरोबर.

जगभर ज्याला अल्जिब्रा म्हणतात तो शब्दही अशाच एका क्रियेवरून आला. बगदादच्या अल्-ख्वारिझमीने नवव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात 'अल्-जब्र' आहे. त्याचा अर्थ तुटलेले सांधणे. वजा पद दुसऱ्या बाजूला नेऊन समीकरण सांधायचे. आपला शब्द बीज, म्हणजे ज्यातून उत्तर उगवते ते. दोन्ही शब्द आपापल्या जागी सुंदर आहेत.

आता खानदेशाकडे. चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या मंदिरात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि तेथील निकुंभ घराण्यातील राजाने त्याला दान दिले, असे त्यात नोंदले आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या मालावरचे राजाकडे जाणारे उत्पन्न मठाकडे वळवले, असा त्याचा आशय. आठशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातल्या बाजाराच्या पैशातून गणिताची शाळा चालत होती. आपल्यापैकी अनेक कुटुंबे पाटणादेवीला जातात. पुढच्या वेळी ही गोष्टही मुलांना सांगावी. त्या डोंगरांतले पाणी गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि तापीचे पाणी उकाई-काकरापारहून कालव्याने आपल्या बारडोलीच्या उसाला. आमची नोकरी पाण्याशी निगडित असल्याने ही जोडणी आम्हाला विशेष वाटली.

छापील शालेय पुस्तकांचा काळ आला तो एकोणिसाव्या शतकात. मुंबईच्या शिक्षण मंडळीचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनियर. त्यांनी शास्त्रीमंडळींच्या, विशेषतः जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या, साहाय्याने १८२० च्या दशकात गणिताची पुस्तके मराठीत तयार केली आणि गुजरातीतही. गुजरातीच्या कामात भरूचचे रणछोडदास गिरधरभाई यांचा मोठा वाटा होता. सुरतेत १८२६ मध्ये सरकारी गुजराती शाळा निघाली, तिचे शिक्षक दुर्गाराम मेहताजी मुंबईत तयार होऊन आले होते. म्हणजे मराठी आणि गुजराती मुलांची पहिली छापील गणिते एकाच मंडळीच्या देखरेखीखाली तयार झाली. पुढे १८४० च्या दशकात उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा आग्रह सर अर्स्किन पेरी यांनी धरला, तेव्हा देशी भाषांच्या बाजूने जर्व्हिस उभे राहिले आणि त्यांच्यासोबत जगन्नाथ शंकरशेट. तो वाद अजून मिटलेला नाही. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तोच चालू होता.

हेच काम महाराष्ट्राबाहेर करणारे एक मराठी नाव बापूदेव शास्त्री. १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित शिकवत आणि त्यांनी हिंदीतून बीजगणित लिहिले. परप्रांतात राहून तिथल्या मुलांसाठी तिथल्या भाषेत गणित नेणारा हा मराठी माणूस आपल्यासारख्यांना जवळचा वाटावा.

मराठी आणि गुजरातीतले शब्द शेजारी ठेवले तर नवल वाटते. बीजगणित, समीकरण, चल, सहगुणक, बहुपदी, घातांक, अवयव, वर्गमूळ हे दोन्हीकडे एकच. फरक थोडे. आपण नित्य समानता म्हणतो, ते नित्यसम. आपण परिमेय, ते संमेय. आपण रेषीय, ते सुरेख. आपण वर्गसमीकरण, ते द्विघात समीकरण. मराठी उजवी बाजू तिकडे जमणी होते, म्हणून आमची ज.बा. वडिलांना कळली नाही. एवढीच काय ती अडचण.

शेवटी बारडोलीचे उदाहरण. १९२८ चा सत्याग्रह शेतसाऱ्यातल्या वाढीविरुद्ध होता. मुंबई सरकारने साधारण २२ टक्के वाढ लादली होती. सरदारांच्या नेतृत्वाखाली खेडूत टिकून राहिले, चौकशी नेमली गेली आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनी वाढ ६.०३ टक्क्यांवर आणली. चौकशीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडताना महादेवभाई देसाई आणि नरहरि परीख यांना आकड्यांशीच झुंजावे लागले. आता मुलांना विचारा : वाढीनंतर एखाद्या शेतकऱ्याला ६१ रुपये भरायला सांगितले, तर त्याचा जुना सारा किती? जुना सारा 'या' मानला तर १.२२ या म्हणजे ६१, म्हणून या म्हणजे ५०. चौकशीनंतर त्याला सुमारे ५३ रुपये द्यावे लागले असते. सरकारने ११ रुपये वाढवले होते, त्यातले जवळजवळ ८ सुटले. स्वराज आश्रमाच्या अंगणात बसून हे उदाहरण सोडवले तर समीकरण कशासाठी शिकायचे, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

मंडळाला आमची एक विनंती आहे. आपल्या घरांत आता तीन पिढ्या तीन भाषांतून गणित शिकल्या आहेत. सभागृह शनिवारी संध्याकाळी मोकळे असते. सातवी ते नववीच्या मुलांसाठी तिथे तासभर बसता येईल. मराठी, गुजराती आणि इंग्रजी शब्दांचे एक पान भिंतीवर लावावे. शिकवायला निवृत्त शिक्षक आपल्यात आहेत, आम्हीही येऊ. फी नको. ज्या घरात आजोबा नातीला गणित समजावू शकतात, त्या घरात मराठी आपोआप टिकते, असा आमचा अनुभव आहे.

त्या रात्री घोड्यांचे कोडे आम्हाला माहीत नव्हते. या वर्षी आरतीनंतर मुलीने ते एकटीने सोडवले आणि वही आजोबांपुढे नेली. त्यांनी चष्मा चढवला, दोन ओळी वाचल्या आणि विचारले, "ताळा केलास का?" ती म्हणाली, "केला, आजोबा. दोन्हीकडे नऊशे."