नकाशावरची एक ओळ

शिकागो म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषद ज्या इमारतीत सुरू झाली, ती आज तिथलं मोठं कलासंग्रहालय आहे. मिशिगन सरोवराच्या बाजूला ग्रँट पार्क नावाची विस्तीर्ण बाग आहे, तिच्या कडेला ही इमारत उभी आहे. खरं म्हणजे ती तिथं असायलाच नको होती. शेजारच्या मिळकतदारांनी संमती दिली म्हणून तेवढा एक अपवाद झाला. काठावर कुणी काही बांधायचं नाही, हे मुळात कुणी ठरवलं, त्याची ही हकिकत आहे.

सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तळं येतं. हे सरोवर तसं नाही. त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, वारा सुटतो, जहाजं चालतात. ज्यानं चौपाटीवर संध्याकाळ घालवली आहे, त्याला या काठाचं मोल वेगळं सांगायला नको.

१८३५ साली शिकागोची वस्ती जेमतेम तीन-चार हजारांची होती. रस्त्यात चिखल, घरं लाकडाची, आणि जमिनीच्या भावांना मात्र पंख फुटलेले. अशा त्या गावातल्या लोकांनी नोव्हेंबरात सभा भरवली आणि ठराव केला, की सरोवराकाठची काही जागा सर्वांसाठी कायमची मोकळी ठेवावी. पुढच्या वर्षी कालव्याच्या कामासाठी पैसा उभा करायला सरकारी आयुक्तांनी काठालगतचे प्लॉट विकायला काढले. त्या नकाशावर पाण्यालगतच्या पट्टीत त्यांनी लिहून ठेवलं : ही सार्वजनिक जागा असून ती कायम मोकळी, स्वच्छ आणि इमारतींपासून वा कोणत्याही अडथळ्यापासून मुक्त राहील.

मी कविता लिहिणारा माणूस. एका ओळीत किती ताकद असू शकते, याचा विचार करण्यात माझं आयुष्य चाललं आहे. पण मोजणीदाराच्या नकाशावरच्या या ओळीपुढे आमच्या गझलेतल्या भल्याभल्या मिसऱ्यांनी मान खाली घालावी.

त्या सभेत कोण होतं, हेही विचारलं पाहिजे. १८३३ च्या तहानं पोटावाटोमी या मूळ रहिवाशांची जमीन गेली होती. ऑगस्ट १८३५ मध्ये, म्हणजे ठरावाच्या तीनच महिने आधी, त्यांनी शिकागोच्या रस्त्यांतून आपलं शेवटचं युद्धनृत्य केलं आणि ते पश्चिमेकडे निघून गेले. ‘कायम’ हा शब्द त्यांच्यासाठी कुणी लिहिला नाही.

ओळ लिहिली, पण तिला विचारतो कोण? १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनं काठाजवळ थेट पाण्यात खांब रोवून रूळ टाकले. बदल्यात तिनं लाटा अडवणारा बंधारा बांधायचा होता. रूळ आणि काठ यांमधल्या पाण्यात १८७१ च्या भीषण आगीनंतर जळक्या शहराचा मलबा लोटण्यात आला. आजच्या बागेचा काही भाग त्या राखेवरच उभा आहे. पुढं तिथं कचरा साचला, शेड उभ्या राहिल्या.

१८९० मध्ये समोरच्याच रस्त्यावर पेढी असलेल्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्यानं दावा ठोकला. टपालानं माल विकून मोठा झालेला हा माणूस. त्यानं तो जुना नकाशा न्यायालयापुढे ठेवला. ज्यांचे प्लॉट समोर आहेत, त्यांनी ही ओळ वाचूनच ते घेतले, तेव्हा त्यांना ती पाळून घेण्याचा हक्क आहे, असा त्याचा मुद्दा. १८९७ पासून पुढच्या चौदा वर्षांत इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं चार वेळा त्याच्या बाजूनं निकाल दिला. गाव मात्र त्याच्यावर रागावलं. मार्शल फील्ड या धनाढ्यानं संग्रहालयासाठी ८० लाख डॉलर ठेवले होते, आणि ते बागेच्या मधोमध व्हावं असं पुढाऱ्यांना वाटत होतं. वर्तमानपत्रांनी वॉर्डला आडमुठा ठरवलं. संग्रहालय शेवटी दक्षिणेला भराव घालून बांधलं गेलं, ते १९२१ मध्ये उघडलं. वॉर्ड १९१३ सालीच गेला होता.

यातली एक गोष्ट मला टोचते. दावा करण्याचा हक्क समोर मिळकत असणाऱ्यालाच होता. मागच्या गल्लीतल्या भाडेकरूला, गोदीतल्या हमालाला नव्हता. सावली मात्र त्यांनाच अधिक हवी होती.

ही उणीव त्याच काठावरच्या दुसऱ्या खटल्यानं काहीशी भरून काढली. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं सरोवराचा एक हजार एकरांहून अधिक तळ रेल्वे कंपनीला देऊन टाकला. १८७३ मध्ये तो कायदा रद्द केला. कंपनी भांडली. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असं पाणी सरकारकडे लोकांचा विश्वस्त म्हणून असतं आणि ते असं देऊन टाकता येत नाही. १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कुलूजवळ बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारलं. त्या निकालपत्रात शिकागोच्या या खटल्याचा आधार घेतला आहे.

आपल्याकडे विकास आराखडा निघाला की वर्तमानपत्रात बारीक टायपात ‘हरकती व सूचना’ मागवतात. लोक अर्ज देतात, पोच घेतात, सुनावणीला जातात. शिकागोकरांचा ठराव हीसुद्धा एक सूचनाच होती. फरक एवढाच, की तिचा मतलब विक्रीच्या नकाशावर उतरला आणि पन्नास-साठ वर्षांनी कुणालातरी तो कागद हातात धरून उभं राहता आलं. आपल्या सूचनांचं पुढं काय झालं, हे पोचपावती सांगत नाही.

पळवाटा शोधणारे तिथंही आहेत. २००४ मध्ये याच बागेच्या उत्तर टोकाला मिलेनियम पार्क झालं. त्यातल्या संगीतमंचाचं छत इतकं उंच, की त्याला इमारत म्हटलं असतं तर अडचण झाली असती. म्हणून कागदोपत्री ते ‘कलाकृती’ ठरवलं गेलं. २००५ पासून ग्रँट पार्कमध्ये दर उन्हाळ्यात रॉक संगीताचा मोठा महोत्सव होतो. २०१६ पासून तो चार दिवसांचा झाला. तेवढे दिवस बागेला कुंपण पडतं आणि आत जायला तिकीट लागतं. १८३६ च्या त्या ओळीत इमारतींचा उल्लेख आहे, अडथळ्यांचाही आहे. आवाजाबद्दल मात्र त्यात काहीच नाही. लाउडस्पीकर तेव्हा जन्माला यायचा होता.