‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ : तळटीप

चरणजीत सिंग यांच्या १९८२च्या या ध्वनिमुद्रिकेला ‘पहिले ॲसिड हाउस’ (शिकागोत घडलेली इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची शैली) म्हणणे आम्हांला पटत नाही. सिंग यांनी वापरलेले, बासच्या साथीसाठी बनवलेले रोलँडचे टीबी-३०३ हेच यंत्र शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने १९८७च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये वापरले, म्हणून नाद जुळतो; पण मुंबईची ही मुद्रिका त्यांनी ऐकल्याचा पुरावा नाही. मग सारी करामत यंत्राचीच, असा आक्षेप येईल. तोही अपुरा आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्या यंत्रात होतीच. पण तिच्यात मींडेची शक्यता हेरणे आणि भैरव, ललत, तोडी एकसुरी ठेक्यावर फुलवणे, ही दृष्टी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळ्यात घडलेल्या वादकाची. २०१०च्या पुनःप्रकाशनानंतर कौतुक झाले ते शिकागोच्या मापाने. वाचकांनी ही मुद्रिका आधी राग म्हणून ऐकावी.