दर्याबाईचा चुना

1971 साली, नऊ वर्षांचा असताना, मी दर्याबाईच्या गुहेतून एक दगड चोरून आणला. वडगाव दर्या हे आमच्या पारनेर तालुक्यातलं गाव, कान्हूर पठाराच्या बाजूला. दरीत दर्याबाई आणि वेल्हाबाईची ठाणी आहेत. आई ओटी भरत होती तेवढ्यात मी हात वर केला आणि छताला लोंबणारं बोटभर टोक मोडून खिशात घातलं.

घरी आजोबांनी ते पाहिलं. ते गवंडी. रागावले नाहीत. तुकडा उजेडात धरला. मोडलेल्या तोंडाला मधोमध सुईएवढं भोक होतं आणि त्याभोवती कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं. मग लिंबाची फोड पिळली. दगड फसफसला. "चुना आहे हा, पोरा," ते म्हणाले. "पण देवीनं लावलेला. आपण नाही काढायचा."

आजोबांचं सगळं आयुष्य चुन्यात गेलं होतं. ओढ्याच्या काठची चुनखडी वेचायची, भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मग घाणीत टाकायचा. घाणी म्हणजे दगडी वाटोळा चर. त्यात बैल दगडी चाक फिरवतो आणि चुना-वाळू मळून लोण्यासारखी होते. कुणी त्यात गूळ घाली, कुणी बेलफळाचा गर. नगरचा फराहबक्ष महाल 1583 साली पुरा झाला, तोही असाच दगडचुन्यात उभा आहे. सिमेंट आलं आणि घाण्या थांबल्या. आमच्या घाणीचं चाक अजून परसात पडून आहे, त्यावर मुलं बसतात.

दर्याबाईच्या गुहेतल्या खांबांना लोक लवणस्तंभ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण त्यात मीठ नाही, चुना आहे. मेघालयात चुनखडीचे अख्खे डोंगर आहेत, म्हणून तिथल्या क्रेम लिआट प्राह गुहेची लांबी 30 किलोमीटरच्या वर जाते. आमचं पठार काळ्या पाषाणाचं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. त्यात चुन्याची गुहा व्हावी हेच नवल. पण या पाषाणातही कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि भेगांतून उतरताना ते कॅल्शियम विरघळवून नेतं. छताशी आलं की वायू हवेत सोडतं आणि चुना मागे ठेवतं. आजोबांच्या कामात हे उलट चाले: भट्टी चुनखडीतला वायू काढून टाकी आणि भिंतीतला चुना हवेतून तोच वायू परत घेऊन पुन्हा दगड होई. गवंड्याला यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण लिंबाची खूण त्याला पक्की ठाऊक होती.

टाकळी ढोकेश्वरचं लेणं माणसांनी छिन्नीनं कोरलं, निघोजचे रांजणखळगे कुकडीनं गोट्यांनी घासून काढले. दोन्हींत दगड कमी होत गेला. दर्याबाईकडे तेवढा तो वाढतो. संस्कृतात दरी म्हणजे गुहासुद्धा. देवीचं नाव मला तिथूनच आलेलं वाटतं. आणि माझी खात्री आहे की हे खांब आजवर राहिले ते देवीच्या धाकानं. आता तिथे फोटो काढताना लोक टोकं धरून उभे राहतात, तेव्हा माझा जीव तुटतो. हाताचं तेल लागलं तरी चुना नीट धरत नाही.

गेल्या श्रावणात पुन्हा गेलो. मी मोडलेली जागा सापडली. शेजारच्या दोन टोकांपेक्षा तिथलं टोक आखूडच आहे. अशी टोकं सहसा वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग वाढतात, म्हणजे एवढ्या वर्षांत पाच मिलिमीटर, फार तर. त्या तोंडावर एक थेंब धरला होता. मी मनात शंभरपर्यंत मोजत उभा राहिलो. एक्याऐंशीला तो पडला आणि दुसरा धरू लागला.