क्षपकाच्या उशाशी : निर्यापकांच्या परंपरेचा मागोवा

समाधिमरणाचा इतिहास लिहिताना देह ठेवणाऱ्याचे नाव आवर्जून लिहिले जाते. मुनींची नावे शिलालेखांत आहेत, राजांची आहेत, श्राविकांचीही आहेत. त्यांच्या उशाशी रात्री जागून काढणारे कोण होते, कूस कोणी बदलून दिली, ओठ कोणी ओले केले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वास्तविक प्राचीन आचार्यांनी या उशाशी बसणाऱ्यांचा विचार देह ठेवणाऱ्याइतकाच बारकाईने केलेला आहे. देहत्यागास सिद्ध झालेल्या साधकाला शास्त्रात 'क्षपक' म्हणतात आणि त्याला शेवटपर्यंत सांभाळून पैलतीरी नेणाऱ्याला 'निर्यापक'.

हा विषय केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाही. वृद्ध आईला किंवा वडिलांना कर्करोग झाल्याचे उशिरा कळते. रोग अंगभर पसरलेला असतो. डॉक्टर आणखी काही उपाय सुचवितात, पण त्याने बरे होण्याची खात्री ते देत नाहीत. अशा वेळी आई शांतपणे म्हणते, "आता पुरे. मला घरी न्या." तिचे ऐकावे, तर उपचाराविना मरू दिले असा बोल लागतो. न ऐकावे, तर तिचे अखेरचे दिवस नळ्या आणि यंत्रे यांच्यामध्ये जातात. अनेक जैन कुटुंबे या पेचातून गेलेली आहेत. या पेचाला परंपरेने काय उत्तर दिले, हे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेची कारणे मोजकी सांगितली आहेत : टाळता न येणारा उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि ज्याचा प्रतिकार होऊ शकत नाही असा रोग. 'प्रतिकार होऊ शकत नाही' ही अट महत्त्वाची आहे. बरा होणारा रोग अंगावर काढून मरण ओढवून घेणे त्यांना मान्य नाही. त्याच ग्रंथात पुढे क्रमही दिला आहे. प्रथम स्नेह, वैर आणि परिग्रह सोडावा, स्वजन-परिजनांना गोड शब्दांत क्षमा करावी व त्यांची क्षमा मागावी. मगच आहार टप्प्याटप्प्याने कमी करावा. म्हणजे अन्न सुटण्यापूर्वी घरच्यांशी बोलणे झालेले असले पाहिजे. जगण्याची आशा धरणे हा जसा सल्लेखनेचा अतिचार मानला आहे, तसाच मरण लवकर यावे अशी इच्छा करणे हाही अतिचारच मानला आहे. सल्लेखनेला आत्महत्येच्या पंगतीत बसविणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट बहुधा निसटते.

निर्यापकांविषयीचे सर्वांत विस्तृत विवेचन आचार्य शिवार्यांच्या भगवती आराधनेत मिळते. दोन हजारांहून अधिक प्राकृत गाथांचा हा ग्रंथ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९७८ मध्ये अपराजितसूरींच्या संस्कृत टीकेसह प्रसिद्ध केला. त्यात पंडितमरणाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील भेद सेवेवरून केला आहे. प्रायोपगमनात साधक स्वतःची सेवा स्वतःही करीत नाही व दुसऱ्याकडूनही घेत नाही. इंगिनीमरणात स्वतःपुरती करतो, दुसऱ्याची घेत नाही. भक्तप्रत्याख्यानात मात्र स्वतःची आणि दुसऱ्याची अशी दोन्ही सेवा स्वीकारली जाते. पहिले दोन प्रकार या काळातील देहबळाला झेपणारे नाहीत असे परंपरा मानते. उरला तो तिसरा. त्याचा सरळ अर्थ असा की या काळात कोणालाही एकट्याने, इतरांच्या हातांवाचून, शास्त्रोक्त रीतीने देह ठेवता येत नाही.

हे हात किती असावेत? ग्रंथकार अठ्ठेचाळीस म्हणतात आणि चार-चार जणांना कामे वाटून देतात. उठविणे, बसविणे, कूस बदलणे यांसाठी चौघे. धर्म ऐकविण्यासाठी चौघे. आहाराची व्यवस्था पाहणारे, पेयाची पाहणारे, ते राखणारे, मलमूत्र साफ करून शय्या स्वच्छ ठेवणारे, रात्री जागणारे, दाराशी थांबणारे अशी ही मांडणी आहे. वाद घालण्यास येणाऱ्यांना उत्तर देण्यासाठीही चौघे राखून ठेवले आहेत. समाचाराला येऊन रोग्याच्या देखत नवनवे उपाय सुचविणारे आप्तेष्ट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या योजनेचे मोल सांगावे लागणार नाही. काळ प्रतिकूल असेल तर ही संख्या कमी करीत जावी, पण दोघांच्या खाली कधीही येऊ नये, असा दंडक आहे. कारणही दिले आहे. निर्यापक एकटाच असेल तर तो आहारासाठी गेला असता क्षपक उघडा पडतो, आणि न गेला तर स्वतः खचतो. दोन्ही बाजूंनी धर्माची हानी होते. सेवा करणाराही दमतो, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगणारा प्राचीन ग्रंथ दुर्मीळच म्हटला पाहिजे.

क्षपकाचे मन डळमळले तर काय करावे, याचाही विचार तेथे आहे. त्याला कडू किंवा कठोर शब्द बोलू नयेत, हिणवू नये, टाकून जाऊ नये. निर्यापकाचे बोलणे त्याच्याभोवती चिलखतासारखे असावे. या प्रकरणाला 'कवच' असेच नाव आहे. वेदना वाढल्यास शेक, लेप, अंग चोळणे अशा उपायांनी ती हलकी करावी, असेही सांगितले आहे. वेदनेचेच सतत चिंतन होत राहणे हा आर्तध्यानाचा एक प्रकार आहे. तेव्हा वेदना शमविणे हे समाधीला बाधक नसून साधकच ठरते.

गृहस्थांच्या कथांतही मुलांची भूमिका दिसते. उपासकदशांगातील आनंद श्रावकाने अखेरच्या साधनेकडे वळण्यापूर्वी आप्तांना बोलावून त्यांच्या समक्ष ज्येष्ठ पुत्रावर कुटुंबाचा भार सोपविला. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांचे मातापिता पार्श्वनाथांचे उपासक होते व त्यांनी अनशनपूर्वक देह ठेवला. ते हयात असेपर्यंत वर्धमानांनी दीक्षा घेतली नाही. दिगंबर परंपरेत हा प्रसंग अशा रीतीने येत नाही.

इतिहासाच्या निश्चित भूमीवर पाय ठेवावा तो श्रवणबेळगोळ येथे. होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज मराठी वाचकांना अपरिचित नाही. गोमटेश्वराच्या चरणांशी कोरलेल्या प्रसिद्ध मराठी लेखात, मूर्तीभोवतीचे आवार बांधविणारा म्हणून त्याचेच नाव आहे. या गंगराजाने १११८ च्या सुमारास चंद्रगिरीवर आपली आई पोचव्वे हिच्यासाठी कत्तले बसदी बांधविली. पुढे दोन-तीन वर्षांतच पोचव्वेने सल्लेखनापूर्वक देह ठेवला आणि गंगराजाने तिच्या स्मरणार्थ लेख कोरविला. त्यानंतर थोड्याच अवधीत त्याची पत्नी लक्ष्मीमती हिनेही त्याच मार्गाने प्रयाण केले. तिची निषिधीही त्यानेच उभारली. रणांगणावर अनेकांना जिंकणाऱ्या या पुरुषाने आईचा आणि पत्नीचा निर्णय मान्य केला, एवढे तरी दगडावर राहिले आहे. त्याच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, ते शिलालेख सांगत नाहीत. पुढे शांतलादेवीच्या निधनानंतर तिची माता माचिकब्बे हिनेही श्रवणबेळगोळ येथेच सल्लेखना घेतली. तेथे तर कन्येच्या मागे आईने जाण्याचा प्रसंग होता.

विसाव्या शतकात या परंपरेला पुन्हा तेज आले ते चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांमुळे. १८७२ मध्ये जन्मलेल्या भोजच्या सातगौडा पाटलांच्या मनात वैराग्य तरुणपणीच होते. परंतु वडील भीमगौडा आणि आई सत्यवती यांच्या हयातीत त्यांनी घर सोडले नाही. दोघांची सेवा केली, त्यांच्या पश्चात १९१५ मध्ये क्षुल्लक दीक्षा आणि १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतली. समडोळी येथे १९२४ मध्ये त्यांना आचार्यपद मिळाले. महाराजांचे चरित्र सांगताना त्यांच्या तपश्चर्येवर भर दिला जातो, तो योग्यच आहे. पण त्याआधी हा माणूस अनेक वर्षे आई-वडिलांजवळ थांबला होता, याकडे थोडे दुर्लक्ष होते.

पुढे त्यांची दृष्टी क्षीण झाली. पाहून चालणे, पाहून आहार घेणे अशक्य झाले, म्हणजे अहिंसा महाव्रतालाच बाधा येऊ लागली. तेव्हा १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखना स्वीकारली. मध्यंतरी काही दिवस केवळ पाणी घेतले. आचार्यपद शिष्य वीरसागर महाराजांकडे सोपविले. ८ सप्टेंबरला त्यांचा अखेरचा उपदेश मराठीत ध्वनिमुद्रित झाला, आणि १८ सप्टेंबर रोजी छत्तिसाव्या दिवशी त्यांनी देह ठेवला. दर्शनासाठी त्या डोंगरावर लोटलेली गर्दी आवरणे हेही तेथील सेवेकऱ्यांचे एक मोठे काम होते.

जैनेतरांतील ठळक उदाहरण पवनारचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले. आश्रमातील भगिनी त्यांच्याजवळ होत्या. १५ नोव्हेंबरला, वीरनिर्वाणाच्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले. ज्या 'समणसुत्तं'साठी विनोबांनी आग्रह धरला होता, त्याचे संकलक जिनेंद्र वर्णी यांनीही दीर्घ आजारानंतर १९८३ मध्ये इसरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला.

या परंपरेवर मोठे संकट आले ते कायद्याच्या बाजूने. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा दंडनीय ठरविला. त्या निकालातील सर्वांत जाचक भाग क्षपकापेक्षा निर्यापकासाठी होता. कारण सेवा करणारा मुलगा, सून वा लेक आत्महत्येस प्रवृत्त करण्याच्या कलमाखाली आरोपी ठरणार होते. २४ ऑगस्टला देशभर समाजाने मूक मोर्चे काढले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. न्यायमूर्ती टी. के. तुकोळ यांनी सल्लेखना ही आत्महत्या नव्हे, हे १९७६ मध्येच स्वतंत्र पुस्तक लिहून मांडले होते. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. त्याची किचकट पद्धत २०२३ मध्ये सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रसायनोपचार नको म्हणणाऱ्या प्रत्येक वृद्धाने सल्लेखना घेतली असे मानणे चूक आहे. एखाद्या आजोबांना केवळ रुग्णालय नको असते. भूक लागेल तेव्हा मऊ भात आणि नातवंडांचा आवाज त्यांना हवा असतो. त्यांच्या नकाराला घाईने व्रताचे नाव देऊन, समाजाच्या कौतुकापोटी त्यांचे ताट दूर सारणे हे शास्त्रालाही धरून नाही. व्रत ज्याचे त्यानेच मागावयाचे असते, आणि तेही गुरूंनी पारखून द्यावयाचे असते.

उपचार नाकारणे म्हणजे सेवा नाकारणे नव्हे, ही गोष्ट आधुनिक वैद्यकानेही उशिरा का होईना स्वीकारली. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, पण बरे न होणाऱ्या कर्करोग्यांना आसरा देणारे देशातील पहिले केंद्र, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, निघण्यास १९८६ उजाडले. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही शुश्रूषा शिकविते. तीव्र वेदनेवरचे मॉर्फिन १९८५ च्या कायद्यामुळे दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण बरीच कमी केली. शेक आणि लेप यांच्या जागी आज हे औषध आले आहे, एवढाच फरक.

शिवार्यांच्या अठ्ठेचाळीस जणांची कामे आजही तितकीच आहेत. माणसे मात्र कमी झाली. बहुतेक घरांत ती सारी कामे एका सुनेच्या किंवा एका लेकीच्या अंगावर पडतात. समाधिमरण पाठ म्हणावयास मंदिरातून दहा-वीस जण दुपारी येतात, त्याने रुग्णाला खरोखर बरे वाटते. रात्री दोन वाजता चादर बदलण्यास दुसरा माणूस नसतो. ग्रंथातील दोघांचा दंडक नेमका याच वेळेसाठी आहे.